टबाभोवतीच्या टाइल्स

भाऊ अमेरिकेत आयटीत. वर्षातून आठवडाभर येऊन डुंबायला म्हणून त्याने आईच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये टब बसवला. ठेकेदाराने जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या, त्या वर्षभरात सुटल्या. आई रोज त्याच टबात प्लास्टिकचं स्टूल टाकून बादली-तांब्याने अंघोळ करायची.

टाइल्स पुन्हा बसवून घेताना मी भावाला फोनवर म्हणाले, आईला धरायला भिंतीत दांडा लावू. आई शेजारीच होती, फोन स्पीकरवर.

"कोऱ्या टाइल्सना भोकं पाडू नकोस," तो म्हणाला.

महिन्याभरात टबातून बाहेर पाय टाकताना आई पडली. खुबा मोडला. हॉस्पिटलात त्याचा फोन आला. "आई, कशी आहेस?"

"टाइल्स शाबूत आहेत," आई म्हणाली. "तू सावकाश ये."