पाठीमागचा पत्रा

देश स्वतंत्र झाला त्या साली माझं लग्न झालं. हे महायुद्धाच्या लढाईत विमानांचे मेकॅनिक होते, आता नागपूरला कोष्ट्याच्या घरात परत आलेले. सासऱ्यांचे डोळे गेल्यामुळे माग यांनीच चालवायचा होता, पण हे बसले की घटकाभरात उठायचे. आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पाठ उघड्या दाराकडे. गल्लीतून कुणी गेलं की यांचा हात दचकायचा आणि सूत तुटायचं. खड्डा दुसरीकडे खणू म्हणाले, तर सासूबाई कडाडल्या, “पूजेचा खड्डा हाये थो! नाचता येईना, आंगन वाकडं!”

इतवारीतला व्यापारी आम्हाला विणायला द्यायचं सूत दुसऱ्याला द्यायला निघाला होता. मग चूल कशावर पेटायची? माझंही तोंड काही कमी नव्हतं. जेवायला वाढताना सरळ विचारलं, “मागाचं भेव काहून वाटते तुमाले?”

तेव्हा यांनी सांगितलं. शत्रूचं एक विमान फोटो काढायला यायचं, इतक्या उंचावरून की आपलं विमान तिथवर चढेस्तोवर ते पार निघून जाई. म्हणून यांच्या तुकडीनं एक विमान हलकं करायला घेतलं. रेडिओ काढला, बंदुका कमी केल्या, रंगसुद्धा खरवडला. तरी पुरेना. शेवटी वैमानिकच म्हणाला, माझ्या पाठीमागचा, गोळ्या अडवणारा लोखंडी पत्रा काढ.

“पोचला वं तो. पाडलं त्यानं थे इमान,” हे म्हणाले. “पन खाली उतरून राहिला होता तवा मागून त्यायचं दुसरं आलं. गोळी पाठीतच लागली, गेला तो. पत्रा म्या काढला होता. माह्या हातानं.”

ताटातला भात तसाच राहिला. मला रडू आलं आणि सासूबाईंचा रागही आला. पण त्यांना तरी काय माहीत म्हणा. पत्रा न काढता विमान चढलंच नसतं, हे यांना मी काय सांगणार? ते यांनाच जास्त ठाऊक होतं.

मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणं आमच्यात बायकांचं काम, तेही आत माजघरात बसून. दुसऱ्या सकाळी मी कांड्यांचा रहाट उचलला आणि यांच्या पाठीला पाठ लावून, गल्लीकडे तोंड करून बसले.

“नवी सून दारात बसते काय वं? लोक काय म्हनतीन?” सासूबाई आतून ओरडल्या.

“इथं उजेड हाये, आत्याबाई,” मी म्हटलं आणि बसूनच राहिले.

बऱ्याच वेळानं पाठीमागे धोटा चालू झाला. मधेच थांबला.

“कोन येऊन राहिलं वं?” यांनी मान न वळवता विचारलं.

“दूधवाला हाये. चालू द्या तुमचं.”

धोटा पुन्हा चालू लागला.