आवाज खाणारं खोकं

कुणाच्या घरी रेडिओ लागला की तुम्ही-आम्ही समोर बसतो. हा माणूस मागे जायचा. रेडिओ आणि भिंत यांच्यामध्ये डोकं घालायचा, मागच्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवायचा आणि निकाल द्यायचा, "खोकं आवाज खातंय, भो." घरमालकाचं तोंड उतरायचं. नवाकोरा रेडिओ, आणि हा म्हणतो खातंय!

गुजरातेतल्या उधन्याच्या एका कापड मिलमध्ये तो लूमवर, म्हणजे मागावर होता, मी रंगखात्यात. दोघेही जळगावकडचे, चाळीत भिंतीला भिंत. सुट्टी म्हणजे शिक्षा वाटणारा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचा हा सुट्टीत स्पीकरचे बॉक्स बनवायचा. चहाच्या पेट्या फोडून फळ्या काढायच्या, सरसाने सांधे बुजवायचे, आत मिलमधली टाकाऊ सुताची गुंतवळ भरायची. जुन्या बाजारातला स्पीकर त्यात बसला की असा घुमायचा की पलीकडची गुजराती मावशी ओरडायची, "अरे भाई, मारां वासण पडी जाय छे!" तिची भांडी खरंच फळीवरून पडायची. हा खूश व्हायचा. ती शिवी त्याला शाबासकी वाटायची.

त्याची मुलगी दर भीमजयंतीला वस्तीत भीमगीतं म्हणायची. आवाज पातळ, पण वर चढला की अंगावर काटा यायचा. आई लवकर गेली, पोर यानेच वाढवली. तिचं लग्न भुसावळला ठरलं आणि याच्या डोक्यात एकच भूत शिरलं. यंदाच्या जयंतीला ती वस्तीत शेवटचं गाणार, तो आवाज आपल्या हातच्या बॉक्समधून जसाच्या तसा ऐकायचा. "कर्ण्यातून पोरगी शेळीसारखी वाटते," म्हणायचा.

बॉक्स झाला. मंडपवाल्याकडून माइक आणि मशीन मागून आणलं. पोरगी गायली, आम्ही माना डोलावल्या. हा मात्र भडकला.

"वर गेली की आवाज जातो. खातंय हे."

खोकं उकललं. गुंतवळ कमी केली, पुन्हा तेच. फळी बदलली, भोक मोठं केलं, तरी तेच. मी म्हटलं, "अरे बाबा, झकास वाजतंय. आता पुरे कर."

"तुला काय कळतं? तू रंगात हात घालणारा माणूस!"

शेवटी एका रविवारी दुपारी त्याने वायर उपटली. मुलीला म्हणाला, "तू माझ्यासमोर बस आणि तशीच गा. तुझा खरा आवाज एकदा कानात बसू दे, मग या खोक्याकडे बघतो."

ती हातभर अंतरावर बसून गायली. वरच्या सुराला तिच्या गळ्याची शीर फुगली. हा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आता मध्ये खोकं नाही ना, भो?"

"नाही."

"मग?"

पोरगी गाता गाता थांबली. लूमखात्यात मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्यांचे कान जातात, हे साऱ्या उधन्याला ठाऊक. ती माणसं समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात, आणि आपल्याला ऐकू येतंय असंच त्यांना वाटत राहतं. यालाही तसंच वाटत आलं होतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

जयंतीला तोच बॉक्स लागला. पोरीने गाणं असं म्हटलं की बायका डोळे पुसायला लागल्या. लोक टाळ्या वाजवताना दिसले, तेव्हा यानेही वाजवल्या. त्यानंतर त्याने एकही बॉक्स केला नाही.

लग्न लागलं. पाठवणीला आम्ही उधना स्टेशनवर गेलो. गाडी सुटायच्या आधी पोरगी त्याच्या गळ्यात पडली आणि खांद्यात तोंड खुपसून रडत रडत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. हा तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, "हो बेटा. हो. हो."

गाडी गेल्यावर मी त्याच्या पुढे होऊन विचारलं, "काय म्हणत होती रे?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "तिचं तोंड कुठं दिसत होतं?"