पाटी बदलणारा सोमेश्वर

कॉलेजच्या पंचविशीची स्मरणिका मीच लिहिली. मी तिथला हेडक्लार्क. पहिल्या पानावर संस्थापक विजयसिंह साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर त्यांच्या वडलांचा. सोमेश्वरबद्दल मी चार ओळी घातल्या होत्या, त्या साहेबांनी लाल पेनानं खोडल्या. म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितोय, आणि राग धरून लिहितोय, हे आधीच सांगतो.

युसूफ वडगावच्या अलीकडं जिनिंगच्या बंद गोदामात हे तंत्रनिकेतन सुरू झालं. चाळीस पोरं, एक लेथ मशीन आणि ते चालवू शकणारा एकटा सोमेश्वर. कडा गावच्या साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली शिकलेला. कागदावर तो शिपाई, पण वर्कशॉपमधलं पहिलं काम प्रत्येक पोराला त्यानंच शिकवलं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा. मग सोमेश्वर त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडं धरणार. फटीतून उजेड आला की त्याचं एकच बोलणं, "उजेड दिसतोय. परत घासा." ऊसतोड्यांची पोरं तळहाताला फोड येईस्तोवर घासायची. त्यातली कितीतरी आज पुण्यात सुपरवायझर हायेत.

गोदामाची तीन मजली इमारत झाली, होस्टेल झालं, कमान झाली. मशिनं मात्र मोजकीच. दरवर्षी तपासणीची समिती यायची, आणि तिला दाखवायला कार्यशाळा वेगळी अन् यंत्र प्रयोगशाळा वेगळी लागायची. आमच्याकडं खोली एकच, पण दारं दोन. सकाळी समितीला पुढच्या दारानं नेऊन कार्यशाळा दाखवायची. मग वरच्या मजल्यावर चहापोहे. तेवढ्यात सोमेश्वरनं मशिनं फिरवून ठेवायची, पडदे बदलायचे, मागच्या दाराला दुसरी पाटी लावायची. समिती मागनं येऊन प्रयोगशाळा बघायची अन् खूश होऊन जायची. मी बी काही धुतल्या तांदळाचा नाही. साठा नोंदवहीत दोन्ही खोल्या मीच लिहायचो.

हे सगळं सोमेश्वरनं एका शब्दावर केलं. साहेब म्हणाले होते, "तुझी वर्षाराणी डिप्लोमा होऊ दे. वर्कशॉप शिकवायला निदेशकाची खुर्ची तिची." पोरगी आमच्याच कॉलेजात शिकली. तिचा तुकडा तिनं अकरा दिवसांत काटकोनात आणला होता, अन् बापानं तिलाही सवलत दिली नव्हती. मेकॅनिकलला पहिली आली. आणि निदेशक झाला कोण? साहेबांचा पुतण्या, आदिनाथ. कानस कुठल्या बाजूनं धरतात हे त्याला माहीत नव्हतं.

वर्षाराणी मार्कशीट घेऊन केबिनमध्ये गेली तेव्हा मी फाईल घेऊन तिथंच उभा होतो. बाप दाराशी होता. साहेब हसून म्हणाले, "पोरीच्या हाताला मेंदी शोभती, कानस न्हाई." आदिनाथ लई हसला. सोमेश्वर बाहेर आल्यावर मला म्हणाला, "भाऊसाहेब, समिती कदी हाय?"

समिती आठ महिन्यांनी आली. या आठ महिन्यांत त्यानं एक खाडा केला नाही की कुणाला उलट बोलला नाही. मला वाटलं, माणूस गार पडला. सकाळी कार्यशाळा दाखवून झाली, चहा झाला, आणि आदिनाथनं ऐटीत समितीला मागच्या दाराशी आणलं. दाराला पाटी नव्हती. आत मशिनं सकाळच्याच जागी, पडदेही तेच. लेथजवळ सोमेश्वर हात बांधून उभा. समितीचे अध्यक्ष जवळ आले तसा त्यानं लेथवरचं चष्म्याचं घर उचलून त्यांच्या हातात दिलं.

"सायेब, सकाळी तुमी हितंच इसरलं व्हतं."

अध्यक्षांनी चष्म्याचं घर पाहिलं, लेथ पाहिलं, मग दोन्ही दारं पाहिली. विजयसिंह साहेबांच्या कपाळाला घाम आला. मला, खरं सांगतो, लई बरं वाटलं.

"कामून केलं रे असं?" समिती गेल्यावर साहेबांनी विचारलं.

"पाटी बदलायची ऱ्हायली, सायेब. इतक्या वर्सांत एकदाच ऱ्हायली."

त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवलं. पण मेकॅनिकलचे प्रवेश थांबले. नवी मशिनं आणा आणि निदेशक आमच्यासमोर निवडा, असं समितीचं पत्र आलं. साहेबांनी हातपाय मारले, काही उपयोग झाला नाही. मुलाखतीला समितीच्या माणसानं प्रत्येकाला लोखंडाचा तुकडा घासायला दिला. आदिनाथसकट सहाजण बसले. गुण्या लावल्यावर उजेड आला नाही तो एकट्या वर्षाराणीच्या तुकड्याला.

पुतण्याला घरी पाठवायची साहेबांना लाज, म्हणून त्यांनी त्याला तिचा मदतनीस म्हणून ठेवला. तिनं पहिल्याच दिवशी नियम केला की ज्यानं स्वतः घासलं नाही त्यानं पोरांना शिकवायचं नाही. आदिनाथ गेले तीन आठवडे एकच तुकडा घासतोय. संध्याकाळी सोमेश्वर लेकीला न्यायला येतो अन् मुद्दाम अर्धा तास आधी येऊन कट्ट्यावर बसतो. काल मी बी त्याच्याशेजारी बसलो. आतून कानशीचा आवाज थांबला. आदिनाथ फोडांनी भरलेल्या हातात तुकडा घेऊन मॅडमसमोर उभा राहिला. तिनं गुण्या लावला, खिडकीकडं धरला, बराच वेळ पाहिला.

"उजेड दिसतोय," वर्षाराणी म्हणाली. "परत घासा."