क्रेनवाल्याचं विमान

नरहरी लांजेवारांना एका जागी बसवत नसे. खुर्चीवर टेकत, पण चहा संपायच्या आत उठून पंख्याचे स्क्रू आवळायला लागत. ते झालं की नळाचा वायसर, मग शेजाऱ्यांची स्कूटर. भिलाईजवळच्या मरोद्याच्या त्या लहानशा घरात आवळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ललिताबाई म्हणाल्या, "आता माह्ये दात आवळा. तेवढेच राह्यले."

नवरा असा का झाला, हे त्यांना ठाऊक होतं. भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून नरहरी कोवळ्या वयात भिलाईला आले आणि प्लांटमध्ये क्रेनवर लागले. छताखाली उंच केबिनमध्ये बसून वितळलेल्या पोलादाची भली मोठी बादली या टोकाहून त्या टोकाला न्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. त्या तपासणीला जायला ते शिडीवरून खाली उतरले, ते उतरलेच; रक्तदाबवाल्याला परत उंचावर चढू देत नाहीत. उरलेली नोकरी स्टोअरमध्ये नटबोल्ट देण्यात गेली. कोणी अपमान केला नाही, पगारही कापला नाही. पण हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांना घरात चैन पडेना.

एका रविवारी ते भाजी आणायला म्हणून निघाले आणि स्कूटर वाट फुटेल तशी हाकत कुरुदच्याही पुढे गेले. तिथे नव्या वसाहतीसाठी प्लॉट पाडलेल्या मोकळ्या रानात पाच-सात माणसं आभाळाकडे तोंड करून उभी होती. त्यांच्या डोक्यावर एक पिवळं विमान घोंगावत होतं. पंखांची लांबी हातभर, आवाज मात्र मधमाश्यांच्या पोळ्याचा.

"काका, बघायला आलात की शिकायला?" रिमोट धरलेल्या माणसानं विचारलं. तो सुमंत. नेहरू नगरात कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि रविवारी हा क्लब चालवायचा.

"शिकाले वय लागते का, सर?"

"वय नाही, मान लागते. सारखं वर बघावं लागतं."

"जन्मभर खाली पाहून पाहून आखडली. वर पाहीन तं मोकळी होईन."

भाजी त्या दिवशी घरी आलीच नाही.

नवशिक्याला शिकवायची क्लबची एक रीत होती. दोन रिमोट, मध्ये दोरीसारखी वायर. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक सुमंतच्या. शिकणाऱ्याचं विमान घसरू लागलं की सुमंत खटका फिरवायचा, आणि विमान त्याच्या ताब्यात यायचं. विमान समोरून आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तिथे चांगले चांगले घाबरतात, नरहरीही घाबरले. पण रिमोटवर दोन दांड्या होत्या, आणि त्यांच्या हातांना क्रेनच्या दांड्यांची जुनी ओळख होती. पावसाळा सरता सरता सुमंतला खटक्याला हात लावायची गरज पडेनाशी झाली. "आता दोरी काढू लवकरच," तो म्हणाला. ते ऐकून नरहरींचा आठवडा रविवारच्या ओढीनं तळमळत गेला.

आणि पुढच्याच रविवारी घात झाला.

विमान उतरायला खाली येत होतं. माणसाच्या उंचीवर आलं असेल-नसेल, तेवढ्यात उतरायच्या पट्टीवर एक शेळीवाला शेळ्या घेऊन शिरला. सुमंतनं रिमोटवरचा हात उचलून पंजा उंचावला आणि ओरडला, "ए, थांब!"

नरहरींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो पंजा पाहिला. पाहिला मात्र, एका अंगठ्यानं मोटर बंद केली आणि दुसरा दांडीवरून उचलला. विमान क्षणभर हवेत अडखळलं आणि नाकावर आदळलं. पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे.

"काका, हात का सोडलात?"

"तुमी थांब म्हणाले ना!"

"मी? मी शेळीवाल्याला म्हणालो!"

नरहरी हळूच सांगू लागले. क्रेनवर वरून सगळं दिसत नाही. खाली खलासी, म्हणजे वजन बांधणारा माणूस, उभा असतो, तो हातानं खुणा करतो, त्याप्रमाणे क्रेन चालते. पण थांबायची खूण कोणीही करावी. पंजा वर दिसला की हात सोडायचे. हात सोडले की दांडी आपोआप मधात येते, क्रेन जागच्या जागी उभी राहते, उचललेला लोड लटकत राहतो, माणूस वाचतो. "आमच्या तिथं हात सोडल्यानं थांबते, सर. इथं सोडल्यानं पडते."

सुमंतला हसू आलं नाही, बाकीच्यांना आलं. त्यानंतर नरहरींनी रिमोट हातात घेतला की कोणीतरी हाळी द्यायचं, "चलो भाई, काका उडा रहे हैं, हाथ जेब में!" आणि सगळे खरोखरच खिशात हात घालून उभे राहायचे. सुमंत समजूत काढी, "काका, दोरी लावूनच उडवा ना. मजा तीच आहे." नरहरी मान डोलवत. पण मजा तीच नव्हती. आपल्या वर दुसऱ्याचा हात आहे, आणि तो केव्हाही विमान आपल्याकडून काढून घेईल, हे जिवाला टोचत राही. विमान उडतंय खरं, पण आपण अजून स्टोअरमध्येच आहोत, असं वाटे.

घरी आता ते बंद रिमोट गळ्यात अडकवून अंगणात येरझारा घालू लागले. "बाई, तू अचानक हात दाखव," त्यांनी ललिताबाईंना सांगितलं. "मी अंगठे सोडले तं सांग."

"दुसऱ्याच्या बायका हात जोडते, तुमाले हात दाखवणारी पायजे!" असं म्हणत त्या पोळ्या सोडून दारात येत आणि पिठानं भरलेला पंजा वर करत. सुरुवातीला प्रत्येक वेळी अंगठे सुटले. "सोडलं! सोडलं!" त्या ओरडत. मग त्यांनाही चेव आला. कधी मोरीतून, कधी वाळत घातलेल्या लुगड्यामागून पंजा निघू लागला. शेजारच्या सिंधुताईंनी एकदा काळजीनं विचारलं, "ललिता, भाऊजीचं बरं हाये ना?"

दिवाळी होऊन गेल्यावर नरहरींनी सुमंतपुढे जाऊन सांगितलं, "सर, दोरी काढा. आणि सगळ्याइले हात खिशातून काढाले सांगा."

सुमंतनं वायर उपटली. "एकट्यानं उडवायचं, एकट्यानं उतरवायचं. विमान लगेच परत उडेल असं उतरलं पाहिजे, तरच पास."

ललिताबाई त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. विमान वर गेलं, आणि क्लबातल्या टवाळांनी लगेच पंजे उंचावले. नरहरींनी पाहिले. पण अंगठे सुटले नाहीत. "दाखवा, दाखवा," ते पुटपुटले.

उतरवायची वेळ आली तेव्हा आडवा वारा सुटला. पहिल्यांदा विमान पट्टीवरून सरकून प्लॉटच्या दगडांकडे निघालं. त्यांनी मोटरचा वेग वाढवून ते वर घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. बॅटरी संपत आल्याचं रिमोट टूं टूं करून सांगू लागला. सुमंतनं हात पुढे केला.

"काका, वारा वाईट आहे. द्या माझ्याकडे, मी उतरवतो."

नरहरींनी मान वळवली नाही. "लोड लटकत असताना कोणी खुर्ची सोडते का, सर? पुढच्या पाळीचा रिलीवर आला तरी आधी लोड खाली ठेवा लागते. मंग उठायचं."

"मोटर बंद पडेल!"

"पडू द्या."

ती खरंच पडली. पंख्याचा आवाज थांबला आणि रानात एकाएकी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. नरहरींनी विमान वाऱ्याकडे किंचित कललेलं धरलं आणि तसंच, घसरगुंडीवरून आणावं तसं, खाली आणलं. चाकं टेकली, उडाली, परत टेकली. शेवटी एका ढेकळाला अडून विमान नाकावर कललं आणि पंख्याचं पातं मोडलं.

टाळ्या वाजल्या. ललिताबाईंचा पदर डोळ्याला लागला होता. नरहरींनी विमान उचलून उलटंपालटं पाहिलं.

"पातं मोडलं. नेमानं काय होते, सर?"

सुमंत चाचरला. "नेमानं... नापास. पण काका, मी तर म्हणेन की..."

"नापास तं नापास. पेटीत दुसरं पातं हाये ना?"

"वारा वाढतोय. पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारपर्यंत मी घरात काय करू?"

"ह्याइले आत्ताच उडवू द्या हो, सर," ललिताबाई म्हणाल्या, "नाही तं मले आठ दिवस झोप नाही."

सुमंतनं पेटीतून नवं पातं आणि भरलेली बॅटरी काढून दिली, आणि जमिनीवर पडलेली वायर गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकली. नरहरींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते चिमूटभर माती उंच धरून सोडत होते आणि वारा ती कुठे नेतो ते बघत होते.