पुसण्याआधी घरी एक फोन

आरतीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. माझं बोलणं कुणी तपासून पाहिलं की माझं डोकं फिरतं. आणि ही पोरगी तपासल्याशिवाय कुणाचाच शब्द घेत नाही.

दोन हजार तीन सालची गोष्ट. आरती तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल. आळे गावच्या शेतकऱ्याची लेक. वडील शेती सांभाळून विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, त्यांच्यापाशी बसून ती पेचकस धरायला शिकली. पुढं पुण्याला हार्डवेअरचा कोर्स केला आणि जुन्नरच्या बाजारपेठेत सुगनचंद शेठच्या कापडदुकानावरच्या माडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक जिना चढून यायचे, तिला बघून विचारायचे, "मिस्त्री कुठं गेले?" ती म्हणायची, "बसा की, हायेत," आणि स्वतःच पेचकस उचलायची.

मीही तेच विचारलं होतं. लपवण्यात काय अर्थ?

माझा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मी माझ्या गावाहून, डिंगोऱ्याहून, जीपमधून आणला होता. चालू केला की विंडोज यायची नाही, काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि तिथंच थांबायच्या. त्यात माझा जीव अडकला होता. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं मी गावच्या शेतांची नावं गोळा करत होतो. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण माणसं शेताला नावानं ओळखतात. चिंचेचं, गाढवलोळ, उंबराची पट्टी. हौशीराम, गेणभाऊ अशा म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून सहाशे बारा नावं जमवली. सांगणारे बहुतेक गेले. आणि वह्या? यादी कॉम्प्युटरमध्ये उतरली त्या दिवशी मी त्या मोठ्या ऐटीत बंबात घातल्या.

"फॉरमॅट मारून टाका," मी आरतीला म्हणालो. "माझी यादी फ्लॉपीत आहे."

फ्लॉपी मी देव्हाऱ्यात ठेवलेली होती. दोन खंडेनवम्यांना तिला हळदकुंकूही वाहिलं होतं. आरतीनं ती पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली आणि स्वतःच्या मशीनमध्ये घातली.

"अहो, मी सांगतोय ना, आहे त्यात!"

"बघू द्या की गुरुजी." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यात यादी न्हाई. तुमी शॉर्टकट भरून आनलाय. नुसती रस्त्यावरची पाटी. गाव तिकडं बिघडलेल्या डिस्कमधीच ऱ्हायलंय."

दोन वर्षं मी पाटीची पूजा केली होती. तिनं माझं ऐकलं असतं तर दहा मिनिटांत सहाशे बारा शेतं पुसली गेली असती, आणि मीच ती पुसायला सांगितली असती.

आरतीनं माझी डिस्क काढली, मागची तांदळाएवढी क्लिप या टोकावरून त्या टोकावर लावली आणि ती डिस्क स्वतःच्या मशीनला दुसरी म्हणून जोडली. डिस्क कण्हल्यासारखा आवाज करत होती. आरती कान देऊन ऐकत होती. पाऊण तास ती जागची हलली नाही. यादी निघाली. सोबत तिनं माझा मराठी फॉन्टही काढून घेतला. म्हणाली, "हा ऱ्हायला असता तर तुमची सगळी शेतं इंग्रजी अक्षरांचा काला झाली असती." मग यादी उघडून दाखवली. मी शेवटपर्यंत वाचत गेलो. सहाशे बारा. त्या पोरीच्या पाया पडावं असं मला खरोखर वाटलं.

"आता पुसा," मी म्हणालो.

तिनं फोन उचलला. "घरचा नंबर सांगा. काकूंना इचारते, त्यांचं काई हाय का."

मी पुन्हा भडकलो. "आमची सरूबाई कॉम्प्युटरवर फक्त झाकण घालते! तिला काय विचारायचं?"

तेव्हा तिनं सांगितलं. दुकान टाकलं त्या वर्षी सुगनचंद शेठचाच कॉम्प्युटर तिच्याकडं आला होता. त्यांचा मुलगा जिनेश म्हणाला, "काही नाही त्यात." तिनं पुसला. संध्याकाळी शेठजींच्या पत्नी कंचनबाई वर आल्या. माहेरची लग्नातली गाणी त्या रोज दुपारी त्यावर एकेक बोट मारून लिहीत होत्या. "वरडल्या असत्या तर बरं झालं असतं," आरती म्हणाली. "नुसतं म्हनल्या, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी नंबर सांगितला.

फोनवर ती थोडंच बोलली. ठेवून म्हणाली, "काकूंची 'मसाला' नावाची फाइल हाय."

"काळ्या मसाल्याचं प्रमाण असेल. जाऊ द्या."

तिनं फाइल शोधली, काढून घेतली, उघडली. मसाला नव्हता. शेतं होती. वेलांट्या चुकलेली, एका बोटानं लिहिलेली दीडशे-पावणेदोनशे नावं. मी दुपारी झोपायचो तेव्हा लिहिलेली. माझ्या यादीतलीच शेतं, पण नावं निराळी. ती निंदायला-खुरपायला जाणाऱ्या बायकांनी ठेवलेली. मी सगळं गाव पालथं घातलं, पण बायकांना विचारावं हे मला सुचलंच नव्हतं.

शेवटाजवळ आमचं शेत होतं. माझ्या यादीत त्याच्यापुढं 'ओढ्याकडचं' एवढंच होतं. सरूबाईनं लिहिलं होतं, "बायका याला रडकं म्हणतात. सासूबाई नव्या होत्या तेव्हा इथं येऊन रडायच्या. म्हाताऱ्या ठमाबाईनं सांगितलं."

सासूबाई म्हणजे सारजाबाई, माझी आई. त्या शेताच्या बांधावर मी साठ वर्षं बसत आलो होतो. आईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आरतीनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चहा सांगायला खाली गेली. चांगली पंधरा मिनिटं वर आली नाही.

आल्यावर म्हणाली, "गुरुजी, आता पुसू?"

मी मान हलवली. तिनं डिस्क पुसली आणि मध्ये बांध घालावा तशी दोन हिश्शांत तोडली. "सी मधी विंडोज. ती कवाबी बिघडंल, कवाबी पुसा. डी ला मातूर कुनाला हात लावू देऊ नका." डी मध्ये तिनं दोन फोल्डर केले. पहिल्याला माझं नाव दिलं.

"दुसऱ्याला काय नाव देऊ? मसालाच ठिवू?"

"नको," मी म्हणालो. "सरूबाई लिही. आणि ते वर घे, माझं खाली."