वीणाआत्या आयती बसत नाही

माझी वीणाआत्या नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. स्वतःच्या पगारात तिने तीन भाऊ शिकवले. त्यातले मधले माझे बाबा. तिच्याकडे शिवी एकच, पण जबरी: आयता. कुणाकडे जेवायला गेली तरी आधी त्यांचा लसूण सोलून देणार, मगच पानावर बसणार.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला चक्कर यायला लागली, म्हणून मी तिला बंगळुरात, व्हाइटफील्डला आमच्या चौदाव्या मजल्यावर आणलं. इथे स्वयंपाकाला बाई, भांड्यांना मशीन आणि लादी पुसायला घरभर फिरणारी एक गोल चकती. आत्याने चकतीच्या आधी उठून लादी पुसायचाही प्रयत्न केला. आठव्या महिन्यात म्हणाली, "शुभंकर, मी इथे नुसती आयती बसून राहिली. मला नागपूरला सोड."

नागपूरला तिचं घर बंद, ओळखीचे शेजारी एकेक करून गेलेले. इथे मी आणि माझी बायको सिद्धी दिवसाचे दहा तास ऑफिसात. मध्यंतरी ती बाथरूममध्ये पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. शेवटी तह झाला. वृद्धांची सोय करणारी तीन छोटी घरं बघायची. एकही पटलं नाही, तर रविवारच्या गाडीने आत्या नागपूरला. एकटी.

मी सॉफ्टवेअरची चाचणी करणारा माणूस, त्यामुळे बावीस रकान्यांचा तक्ता केला. कठडे, उतार, रात्रीची नर्स, हॉस्पिटल किती मिनिटांवर. आत्याने तो चष्मा लावून पूर्ण वाचला.

"यात काम कुठे आहे?"

"कसलं काम, आत्या?"

"माझं."

मी तेविसावा रकाना घातला.

पहिल्या घरात सगळ्यांना गोल बसवून फुगा एकमेकांकडे टाकायला लावत होते. फुगा आत्याकडे आला. तिने तो झेलला, गाठ सोडली, हवा काढली, घडी घालून खेळ घेणाऱ्या ताईंच्या हातात दिला आणि बाहेर येऊन चपला घातल्या. दुसरं घर हॉटेलसारखं होतं. तिथला मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "इथे फक्त बेल दाबायची, पलंगावरून उठायचंही नाही." आत्या मला म्हणाली, "चल. ही आयतोबांची छावणी आहे."

तिसरं घर शनिवारी पाहिलं. होसकोटे रस्त्याच्या आत, तळमजल्यावरचं, आठ माणसांचं. चालवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी हिंदीत स्वागत केलं. व्हरांड्यात चार आज्या अवरेकाई, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी कठड्याची उंची मोजेपर्यंत आत्या त्यांच्यात बसलीसुद्धा, आणि समोर दाण्यांचा ढीग वाढायला लागला. मी मनातल्या मनात तेविसाव्या रकान्यात दहापैकी दहा दिले.

तेवढ्यात आतून गंगव्वा आली. स्वयंपाक तिच्याकडे. आत्याकडे बघून तोंडभर हसली आणि म्हणाली, "अज्जी, ऊटा आयता?"

आत्याच्या हातातली शेंग खाली पडली.

"काय बोलून राहिली ही? ऊठ, आयता? अर्धी टोपली सोलली मी! आणि बाईला 'आयता' म्हणते, व्याकरण तरी धड असावं!"

"आत्या, तसं नसेल..."

"एकतीस वर्षं दिल्ली-मद्रासचे कॉल जोडले या कानांनी. खरखरीतून नंबर ऐकायची मी. मला नको शिकवू. रिक्षा बोलाव."

माझं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी'च्या पुढे गेलेलं नाही. मी प्रियदर्शनी मॅडमकडे दीनवाणं बघितलं आणि आमच्या 'आयता'चा अर्थ हिंदीत सांगितला. त्यांना प्रकार कळायला मिनिट लागलं, मग त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "आजी, ऊटा म्हणजे जेवण. आयता म्हणजे झालं का. जेवलात का, असं विचारतेय ती. इथे दुपारी सगळेच सगळ्यांना हेच विचारतात."

आत्याने पडलेली शेंग उचलली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपला यल्लाप्पा..."

यल्लाप्पा आमच्या सोसायटीचा वॉचमन.

"रोज दुपारी मी खाली गेली की तेच म्हणे. म्हटलं, याला कसं कळलं मी आयती बसून खाते? म्हणून मी बागेत जाणंच सोडलं. तुम्हाला सांगितलं, गुडघे दुखतात."

"आत्या! आठ महिने?"

"एकदा तर मी त्याला म्हटलं, तू आयता, तुझा बाप आयता!"

"मग?"

"खूश झाला. सलाम ठोकला मला."

मी हे हिंदीत सांगितलं, प्रियदर्शनी मॅडमनी ते गंगव्वाला कन्नडमध्ये सांगितलं आणि ती खांबाला धरून हसत सुटली. चारही आज्या हसल्या. आत्या आधी रागाने बघत राहिली, मग तिलाही आवरेना. डोळे पुसत तिने गंगव्वाला मान हलवून सांगितलं, "नाही झालं. काय केलंस?"

आत मुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे आणि सारू म्हणजे आमटी होती. जेवल्यावर प्रत्येकाने आपलं ताट विसळायचं, असा तिथला नियम. आत्याने दोन विसळली, एक माझं. मग स्वयंपाकघराजवळची खोली बघून आली.

"महिनाभर राहून बघते," ती म्हणाली. "सिद्धीला सांग, मी रागावून आली नाही. पोरीला वाटेल तसं."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण आत्या, इथे कुणालाच मराठी येत नाही."

"आठच तर माणसं आहेत," आत्या म्हणाली. "शिकतील."