कोल्ह्याची नजर

माझी भाची मुक्ता सोफ्यावर लोळत मोबाइलवर एका कोल्ह्याचं डोकं हातोड्याने चेचत होती. मी वाकून पाहिलं आणि चरकलो. हा तर माझ्या लहानपणचा कोल्हा!

तेव्हा तो रविवारच्या पुरवणीत यायचा. चारच चौकटींची चित्रकथा. शेवटच्या चौकटीत कोंबडा कड्यावरून धोंडा ढकलायचा, आणि तो कोल्ह्याच्या डोक्यात पडायला पुढचा रविवार उजाडावा लागे. एकदा मला राहवलं नाही. थुंकी लावून खोडरबराने तो धोंडाच खोडायला गेलो. कागद फाटला आणि कोल्ह्याचं डोकंच गेलं. त्या दुपारी मी जेवलो नाही.

पुढे तो टीव्हीवर आला. अर्ध्या तासात दहा वेळा चिरडला जायचा, पापडासारखा सपाट व्हायचा आणि उठून पळायचा. आम्ही पोट धरधरून हसायचो. त्या हसण्यात माझी ती उपाशी दुपार कधी विरून गेली, कळलंच नाही.

"मामा, तू मार ना," मुक्ताने मोबाइल माझ्या हातात कोंबला. "जोरात दाब. तो मरत नाही रे!"

मी दाबलं. कवटी फुटल्याचा आवाज आला, बोटाला थरथर जाणवली. पुन्हा दाबलं. पुन्हा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

कोल्हा उठला. कागदावर तो धोंड्याकडे बघायचा, टीव्हीवर कोंबड्याकडे. आता कोंबडा कुठेच नव्हता. तो सरळ माझ्याकडे बघत होता.